अभिक्रियेचा वेग मोजायचा कसा: विदर्भातील गावाकडच्या प्रयोगशाळेसाठी मार्गदर्शक

बारावी विज्ञानाच्या अभ्यासक्रमात रासायनिक गतिकी, म्हणजे केमिकल कायनेटिक्स, हे प्रकरण आहे. वेगाचा नियम, अभिक्रियेची कोटी (घटकाचे प्रमाण बदलल्यावर वेग किती बदलतो हे सांगणारा आकडा), अऱ्हेनियसचे समीकरण (तापमान आणि वेग यांचा संबंध) हे सारे विद्यार्थी पाठ करतात आणि त्यावरची गणितेही सोडवतात. पण एखाद्या अभिक्रियेचा वेग प्रत्यक्ष मोजून दाखवा असे म्हटले, की सुरुवात कुठून करावी हेच अनेकांना सुचत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात हा प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून करून घेत आलो आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना आणि स्वतःच्या हाताने प्रयोग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे, म्हणून त्याची पूर्ण पद्धत येथे क्रमाने देत आहे.

आरंभीच एक गोष्ट ठामपणे सांगतो. या प्रयोगात घड्याळापेक्षा थर्मामीटर महत्त्वाचा आहे. तापमान १० अंशांनी वाढले, की बऱ्याच अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याच नियमाने हिशेब केला, तर १ अंशाच्या फरकाने वेग सुमारे ७ टक्क्यांनी आणि ४ अंशांच्या फरकाने सुमारे ३२ टक्क्यांनी बदलतो. टिनाच्या छताखालील खोलीत मार्च महिन्यात सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान पारा चार अंश सहज चढतो. सकाळच्या आणि दुपारच्या बॅचची उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा विद्यार्थी आपल्या हाताला दोष देतात. पण बहुतेक वेळा फरक खोलीच्या तापमानाचा असतो.

१. अभिक्रिया आधी समजून घ्यावी

आपण सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांची अभिक्रिया घेणार आहोत. सोडियम थायोसल्फेट म्हणजे फोटो स्टुडिओवाले पूर्वी फिल्म धुताना वापरत तो हायपो. या दोघांच्या अभिक्रियेतून मीठ, पाणी, सल्फर डायऑक्साइड वायू आणि गंधक तयार होते. गंधक पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचे अतिसूक्ष्म कण द्रावणात तरंगत राहतात आणि द्रावण हळूहळू गढूळ होत जाते. भांड्याखाली कागदावर काढलेली काळी फुली वरून पाहताना दिसेनाशी होईपर्यंत किती वेळ लागतो, तेवढेच आपल्याला मोजायचे आहे.

फुली झाकण्यासाठी लागणारे गंधक दर वेळी सारखेच असते. तेवढे गंधक कमी वेळात तयार झाले तर वेग जास्त आणि जास्त वेळात झाले तर वेग कमी. म्हणून वेग हा १ भागिले वेळ या संख्येच्या प्रमाणात धरता येतो. मात्र हे गृहीतक खरे ठरण्यासाठी भांडे, द्रावणाची एकूण उंची, फुली, उजेड आणि पाहणारा डोळा हे सर्व शेवटपर्यंत तेच राहिले पाहिजे. पुढच्या बऱ्याच सूचना याच कारणासाठी आहेत.

अभिक्रियेचा वेग आकड्यांत मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी केला. ॲसिडच्या सान्निध्यात साखरेचे विघटन होत असताना द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची दिशा किती वळते, हे त्यांनी ठरावीक वेळाने नोंदवले. वेगळ्या दिसणाऱ्या या दोन प्रयोगांमागचा विचार मात्र एकच आहे. अभिक्रिया पुढे सरकते तसा डोळ्यांना दिसणारा कोणता गुणधर्म बदलतो, हे शोधायचे आणि तो वेळेबरोबर नोंदवायचा.

२. साहित्य जमवावे

- सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक (पेंटाहायड्रेट, म्हणजे स्फटिकजलासह), प्रयोगशाळेच्या दर्जाचे
- कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही प्रयोगशाळेच्या दर्जाचे
- डिस्टिल्ड वॉटर, किमान दोन ते तीन लिटर
- १०० मिलीचा एकच कोनिकल फ्लास्क किंवा बीकर
- ५० मिलीचे दोन मेजरिंग सिलिंडर, एक थायोसल्फेटसाठी आणि एक पाण्यासाठी
- १० मिलीची सुई नसलेली सिरिंज, मेडिकलच्या दुकानात मिळते ती
- ० ते ११० अंशांचा थर्मामीटर
- स्टॉपवॉच किंवा मोबाइल (प्रयोग चालू असताना तो फ्लाइट मोडवर ठेवावा)
- चष्मा, हातमोजे, बादलीभर पाणी आणि धुण्याचा सोडा

थर्मामीटर वापरण्याआधी तपासून घ्यावा. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात त्याने ० दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र नेमके १०० येण्याची वाट पाहू नये, कारण नागपूरच समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि उंचीमुळे आपल्याकडे पाणी १०० अंशांच्या थोडे खालीच उकळते.

ॲसिडच्या बाबतीत काटकसर करू नये. फरशी किंवा संडास धुण्यासाठी बाजारात मिळणारे ॲसिड स्वस्त असते; पण त्यात लोहाचे क्षार असल्यामुळे ते पिवळसर दिसते. हे लोह थायोसल्फेटबरोबर स्वतंत्र अभिक्रिया करते, द्रावणाला क्षणभर जांभळट रंग येतो आणि काही थायोसल्फेट तिथेच खर्च होते. अशा ॲसिडने घेतलेल्या नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

३. पाण्याकडे दुर्लक्ष करू नये

आपल्या भागात फसगत होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पाणी. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. बाकीच्या जिल्ह्यांतही बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. अशा पाण्यातील बायकार्बोनेट ॲसिडचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. शिवाय विरघळलेल्या क्षारांचाही आयनांमधील अभिक्रियेच्या वेगावर परिणाम होतो. थायोसल्फेट विरल करण्यासाठी आपण प्रत्येक नोंदीत पाण्याचे प्रमाण बदलणार असल्यामुळे ही चूक दर वेळी वेगळी होते आणि म्हणून ती आलेखावर ओळखूही येत नाही. गावोगावी मिळणारे आरओच्या जारमधील पाणी भांडी विसळायला चालेल, द्रावणाला नको.

डिस्टिल्ड वॉटर तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळते. तेथे एक खबरदारी घ्यावी. त्याच दुकानात तशाच पांढऱ्या कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिड, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडही ठेवलेले असते. सीलबंद आणि लेबल असलेला कॅनच घ्यावा. सुटे पाणी बाटलीत भरून आणू नये.

४. द्रावणे तयार करावीत

थायोसल्फेटचे ०.१ मोलर (एका लिटरमध्ये रेणुभाराइतक्या ग्रॅमचा दहावा भाग) द्रावण: पेंटाहायड्रेटचा रेणुभार २४८.२ असल्यामुळे अर्धा लिटर द्रावणासाठी १२.४ ग्रॅम स्फटिक लागतात. वजन करण्यापूर्वी स्फटिक नीट पाहावेत. ते खडीसाखरेसारखे पारदर्शक असायला हवेत. ३३ अंशांच्या वर कोरड्या हवेत हे स्फटिक आपले पाणी सोडू लागतात आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते. ४८ अंशांच्या आसपास तर ते स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळतात. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या बाटलीत गोळा झालेला दिसला, तर तो याच कारणाने. पाणी उडून गेलेल्या स्फटिकांच्या १२.४ ग्रॅममध्ये थायोसल्फेट ठरल्यापेक्षा जास्त भरते. म्हणून ही बाटली घट्ट झाकण लावून, खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात जमिनीलगत ठेवावी.

हायपो पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. स्फटिक ढवळू लागताच बीकर हाताला गार लागतो आणि पावसाळ्यात तर काचेवर बाहेरून बारीक थेंबही जमतात. अशा ताज्या द्रावणाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा कमी असते. तसेच ते वापरायला घेतले, तर पहिल्या नोंदी थंड द्रावणाच्या आणि शेवटच्या नोंदी कोमट द्रावणाच्या होतात. द्रावण झाकून ठेवावे आणि थर्मामीटर खोलीइतके तापमान दाखवेपर्यंत थांबावे. हे द्रावण फार दिवस टिकत नाही. त्याच आठवड्यात संपवावे, आणि त्याआधीच ते गढूळ दिसले तर टाकून द्यावे.

ॲसिडचे १ मोलर द्रावण: कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड सुमारे ११.६ मोलर असते, म्हणून अर्धा लिटर द्रावणासाठी साधारण ४३ मिली पुरते. आधी सुमारे ४०० मिली पाणी घ्यावे, त्यात ॲसिड हळूहळू सोडावे आणि शेवटी पाण्याने ५०० मिली पूर्ण करावे. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. हे काम शिक्षकांनी खिडकीजवळ, चष्मा लावून स्वतः करावे. विद्यार्थ्यांच्या हाती कॉन्सन्ट्रेटेड बाटली देऊ नये.

५. फुली आणि जागा ठरवावी

पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने फुली काढून तो पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालावा, म्हणजे थेंब पडून शाई पसरत नाही. दर वेळी नवी फुली काढू नये. टेबल उत्तरेकडील खिडकीपाशी असल्यास उत्तम, कारण तेथे थेट ऊन येत नाही. उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेला फ्लास्क काही मिनिटांत तापतो. ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नये; लोडशेडिंगमध्ये नोंद अर्धवट राहते. कूलरची हवा थेट टेबलावर येत असेल तर त्याचे तोंड वळवावे, पण खिडक्या बंद करू नयेत. सल्फर डायऑक्साइड घशाला आणि छातीला त्रास देतो. दमा असलेल्या विद्यार्थ्याला नोंदी लिहिण्याचे काम द्यावे आणि दूर बसवावे.

६. संहती (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण) बदलून नोंदी घ्याव्यात

एकूण आकारमान प्रत्येक वेळी ६० मिली राहील असे मिश्रण घ्यावे. थायोसल्फेट अनुक्रमे ५०, ४०, ३०, २० आणि १० मिली. पाणी अनुक्रमे ०, १०, २०, ३० आणि ४० मिली. ॲसिड दर वेळी १० मिली. पाणी मिळवून आकारमान सारखे ठेवले नाही, तर द्रावणाची उंची बदलते आणि फुली झाकायला लागणारे गंधकही बदलते.

फ्लास्कमध्ये थायोसल्फेट आणि पाणी घेऊन तो फुलीवर ठेवावा. तापमान पाहून लिहावे. सिरिंजमध्ये १० मिली ॲसिड भरून ते एका दमात सोडावे आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करावे. फ्लास्क एकदाच गोल हलवून परत फुलीवर ठेवावा. सुरुवातीला काही घडतच नाही असे वाटते. मग द्रावणावर निळसर झाक येते, ती दुधाळ होत जाते आणि शेवटी फिकट पिवळेपणा येतो. फुलीच्या कडा आधी पुसट होतात, मधला छेद सर्वांत शेवटी जातो. मधला छेद दिसेनासा झाला की घड्याळ थांबवावे. फ्लास्कच्या तोंडावर वाकू नये. वीतभर अंतर ठेवून पाहावे. पुन्हा तापमान नोंदवावे.

एका गटात पाहणारा एकच असावा. पाच नोंदींपैकी तीन एकाने आणि दोन दुसऱ्याने घेतल्या, तर दोन डोळ्यांच्या नजरेतील फरकही वेगात मिसळतो. प्रत्येक मिश्रणाची नोंद किमान दोनदा घ्यावी आणि दोन वेळांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा घ्यावी.

नोंद होताच फ्लास्क रिकामा करून ब्रशने घासून धुवावा. गंधकाचा पातळ थर काचेला चिकटून राहतो आणि तो राहिला तर पुढची फुली आधीच पुसट दिसते. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळून फ्लास्क उपडा ठेवावा. थायोसल्फेटचे सिलिंडर आणि ॲसिडची सिरिंज यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर रंगीत चिकटपट्टी लावणे सोयीचे पडते.

७. आलेख काढावा आणि वाचावा

समजा, पाच मिश्रणांसाठी ४०, ५१, ६६, १०२ आणि २१० सेकंद लागले. (हे आकडे गणित समजावे म्हणून घेतले आहेत, तुमचे आकडे तुमच्या तापमानाप्रमाणे येतील.) १००० ला वेळेने भागल्यास २५, १९.६, १५.२, ९.८ आणि ४.८ या संख्या मिळतात. आडव्या अक्षावर थायोसल्फेटचे मिली आणि उभ्या अक्षावर या संख्या मांडल्या, तर बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेच्या आसपास पडतात. संहती निम्मी केली की वेगही निम्मा होतो, म्हणजे थायोसल्फेटच्या संदर्भात अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे.

१० मिलीचा बिंदू बहुधा रेषेच्या किंचित खाली येतो. त्याला ओढून रेषेवर बसवू नये. फुली झाकण्यापुरते गंधक तयार होईपर्यंत या मिश्रणातील थायोसल्फेटचा बराच मोठा हिस्सा संपलेला असतो, त्यामुळे आपण मोजलेला सरासरी वेग सुरुवातीच्या वेगापेक्षा कमी भरतो. ५० मिलीच्या मिश्रणात तेवढेच गंधक एकूण साठ्याचा लहानसा भाग असते, म्हणून तेथे हा फरक जाणवत नाही. हा खाली आलेला बिंदू प्रामाणिकपणे तसाच ठेवून त्याचे कारण लिहिणारा विद्यार्थी मला रेषा सुबक काढणाऱ्यापेक्षा जास्त समजलेला वाटतो.

८. तापमान बदलून नोंदी घ्याव्यात

आता मिश्रण एकच ठेवावे, उदाहरणार्थ ३० मिली थायोसल्फेट, २० मिली पाणी आणि १० मिली ॲसिड. तापमान साधारण २०, ३०, ४० आणि ५० अंश. ५५ अंशांच्या वर जाऊ नये. तेथे वायू जास्त सुटतो आणि वेळ इतका कमी होतो, की घड्याळाचे बटण दाबायला लागणारा क्षणही मोठी चूक ठरतो.

महागड्या वॉटर बाथची गरज नाही. रुंद तोंडाच्या गंजात पाणी घेऊन त्यात फ्लास्क ठेवावा आणि ॲसिडची परीक्षानळीही त्याच पाण्यात उभी करावी. अनेकजण फक्त थायोसल्फेट तापवतात आणि थंड ॲसिड त्यात ओततात. त्यामुळे मिसळताच तापमान काही अंशांनी उतरते. दोन्ही द्रावणे पाच ते सात मिनिटे गंजात राहू द्यावीत. कमी तापमानासाठी उन्हाळ्यात माठातील पाणी कामी येते, कारण आपल्याकडील कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे ते हवेपेक्षा बऱ्याच अंशांनी गार राहते. पावसाळी दमट हवेत तेवढा फरक पडत नाही, तेव्हा बर्फ वापरावा. मिसळताना आणि फुली जाताना अशी दोन तापमाने लिहून त्यांची सरासरी घ्यावी. तापमान नेमके ४० आले नाही म्हणून थांबू नये, ४१.५ आले तर ४१.५ लिहावे. गणिताला गोल संख्या लागत नाही, खरी संख्या लागते.

स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे वेगाचा लॉग आणि निरपेक्ष (केल्विन) तापमानाचा व्यस्तांक (१ भागिले तापमान) यांचा आलेख सरळ रेषा येतो, आणि तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडण्यासाठी रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) मिळते. दोनच तापमानांवरून अंदाज घ्यायचा तर असे करावे. समजा, ३० अंशांना ३६ सेकंद आणि ५० अंशांना १० सेकंद लागले. वेग ३.६ पट झाला. ३.६ चा लॉग ०.५५६, त्याला २.३०३ ने गुणून १.२८१. तापमाने केल्विनमध्ये ३०३ आणि ३२३. त्यांच्या व्यस्तांकांतील फरक ०.०००२०४. १.२८१ ला ८.३१४ (वायू स्थिरांक) ने गुणून या फरकाने भागले की सक्रियण ऊर्जा प्रति मोल सुमारे ५२ किलोज्यूल येते. सेल्सिअस तसेच ठेवून भागाकार करणे ही येथील नेहमीची चूक आहे; २७३ मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

९. वेळ असल्यास वायू मोजून पाहावा

ज्यांना क्षणाक्षणाचा वेग पाहायचा आहे, त्यांनी चुनखडी आणि ॲसिड यांची अभिक्रिया घ्यावी. वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात चुनखडी सहज मिळते. एकदा खडा आणि एकदा तेवढ्याच वजनाची भुकटी घेऊन सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोठ्या सिरिंजमध्ये गोळा करावा आणि दर १० सेकंदांनी आकारमान लिहावे. वायू पाण्यावर गोळा केला तर त्याचा काही भाग पाण्यात विरघळून जातो, म्हणून सिरिंज बरी. १ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून साधारण २४० मिली वायू सुटतो आणि उन्हाळ्यात तो आणखी फुगतो. १०० मिलीच्या सिरिंजसाठी ०.३५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. सिरिंजचा दट्ट्या अडकत नाही ना, हे आधी पाहावे, कारण बंद भांड्यात दाब वाढला तर बूच उडते. वक्राला कोणत्याही क्षणी काढलेल्या स्पर्शरेषेचा उतार म्हणजे त्या क्षणाचा वेग.

१०. विल्हेवाट आणि नोंदवही

नोंद झालेले प्रत्येक मिश्रण लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत ओतावे. त्यामुळे उरलेले ॲसिड मारले जाते आणि सल्फर डायऑक्साइडही हवेत कमी जातो. फेस येणे थांबले तर आणखी थोडा सोडा टाकून पाहावे. सोडा टाकल्यावर फसफस झाली, तर ॲसिड अजून शिल्लक आहे असे समजावे. गंधक रात्रभर तळाशी बसू द्यावे, वरचे पाणी भरपूर पाण्यासोबत सोडावे आणि गाळ वेगळा काढावा.

नोंदवहीत प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ, आरंभीचे आणि शेवटचे तापमान, द्रावण कोणत्या दिवशी केले ते आणि पाहणाऱ्याचे नाव असे रकाने आधीच आखून ठेवावेत. सकाळच्या बॅचने दुपारच्या बॅचशी तुलना करण्यापूर्वी तापमानाचे रकाने शेजारी ठेवून पाहावेत आणि फरक १ अंशापेक्षा जास्त असेल, तर दोन्ही बॅचच्या नोंदी एकाच आलेखावर मांडू नयेत.